साहेबांनी बोलावलंय

पालघर जिल्ह्यातल्या दातिवऱ्यासारख्या गावात पोलीस दारात येण्याआधी बहुधा पोलीस पाटलाचा निरोप येतो: ‘पोराला घेऊन ठाण्यात जाऊन या, साहेबांनी बोलावलंय.’ कुठल्या साहेबांनी, कशासाठी, साक्षीदार म्हणून की आरोपी म्हणून, लेखी काही आहे का, हे निरोपात नसतं. कारण बऱ्याचदा साधं असतं. परवाना नसताना केळव्याच्या रस्त्यावर पळवलेली मोटारसायकल, जत्रेतली मारामारी, सफाळ्याहून विरारकडे जाणाऱ्या गाडीतली ढकलाढकली, कुणाच्या तरी भावना दुखावणारं स्टेटस, तारापूर अणुऊर्जा केंद्राच्या कुंपणाजवळ काढलेला व्हिडिओ. कधी मात्र कारण जड असतं. सतरा वर्षांचा मुलगा आणि सोळा वर्षांची मुलगी घरातून निघून गेलेली असतात आणि मागे राहिलेल्या मित्र-मैत्रिणींना ‘फक्त चौकशीसाठी’ बोलावलेलं असतं.

निरोप आला की घरात सल्ल्यांचा पाऊस पडतो. आई म्हणते, माफी मागून टाक. काका म्हणतात, खरं काय ते सांगून मोकळा हो. आजोबा म्हणतात, तोंड उघडू नको. शेजारचे म्हणतात, थांबा, ओळख काढू. मुंबईतला नातेवाईक फोनवर सांगतो, वकील आल्याशिवाय एक शब्द बोलायचा नाही. हे पाचही सल्ले पिढ्यानपिढ्या दिले जातात आणि प्रत्येकात तथ्याचा एक कण आहे. पण पाचही जण सगळा भार मुलाच्याच डोक्यावर टाकतात. आपल्या कायद्याने हा भार निराळ्या खांद्यांवर टाकला आहे, आणि सल्ल्यांचा हिशेब त्या कायद्यापासूनच मांडायला हवा.

वय ठरवतं

पोलिसांसमोर बसलेल्या मुलाचा हक्क त्याच्या वयावर ठरतो. बाल न्याय अधिनियम, २०१५ प्रमाणे अठरा पूर्ण न झालेली प्रत्येक व्यक्ती बालक आहे. अशा मुलाला कुठल्याही परिस्थितीत पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. त्याला ताब्यात घेतलं तर विशेष बाल पोलीस पथक किंवा ठाण्यातला बालकल्याण पोलीस अधिकारी यांच्याकडे सोपवून, प्रवासाचा वेळ वगळता २४ तासांत बाल न्याय मंडळापुढे न्यावं लागतं. आई-वडिलांना कळवावंच लागतं. २०१६च्या नमुना नियमांत याहून बारीक तपशील आहेत. गुन्हा अघोर स्वरूपाचा नसेल तर सहसा एफआयआर नोंदवायचा नाही, दैनंदिनीत नोंद करायची. बेडी घालायची नाही. अधिकाऱ्याने गणवेशात नसावं. विचारपूस ठाण्याची कळा नसलेल्या जागी करावी आणि पालकांना हजर राहता यावं. मुलाला कबुली द्यायला भाग पाडायचं नाही आणि कुठल्याही जबाबावर त्याची सही घ्यायची नाही.

हे सगळं वय सिद्ध झालं तरच लागू होतं. अंगापिंडाने थोराड, बोटीवर काम करून रापलेला पोरगा सतराचा असला तरी बाविशीचा दिसतो. कायद्याने पुराव्यांचा क्रम लावून दिला आहे: आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर ग्रामपंचायत वा नगरपालिकेचा जन्मदाखला, आणि तोही नसेल तर वैद्यकीय चाचणी. आधार कार्ड या यादीत नाही. वीटभट्टीच्या हंगामात आई-बापाबरोबर भटकणाऱ्या मुलाजवळ यातला एकही कागद नसतो आणि तिथेच त्याचं बालपण कागदावरून गळतं.

दोन फटी ध्यानात ठेवायला हव्यात. जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ प्रमाणे पंधरा वर्षांखालच्या मुलाला आणि कुठल्याही वयाच्या मुलीला वा स्त्रीला साक्षीदार म्हणून ठाण्यात बोलावता येत नाही. पोलिसांनीच घरी जायचं. म्हणजे सोळा-सतराच्या मुलाला साक्षीसाठी बोलावता येतं, पण लेखी आदेशाने. तोंडी निरोप म्हणजे आदेश नव्हे. दुसरी फट अठराव्या वाढदिवसाची. बारावीच्या एकाच बाकावर बसणाऱ्या दोघांपैकी एक बालक असतो आणि दुसरा सज्ञान आरोपी. मे २०२५मध्ये पुण्यातल्या अभियांत्रिकीच्या एकोणीस वर्षांच्या विद्यार्थिनीला समाजमाध्यमावरच्या एका पोस्टवरून अटक होऊन येरवडा तुरुंगात राहावं लागलं. ती पोस्ट तिने काढून टाकून माफीही मागितली होती. मुंबई उच्च न्यायालयाने सरकारला खडसावून २७ मे रोजी तिला सोडायला लावलं, तेव्हा कुठे ती परीक्षेला बसू शकली.

‘माफी माग’

याच पट्ट्यात या सल्ल्याची परीक्षा होऊन गेली आहे. १८ नोव्हेंबर २०१२, बाळासाहेब ठाकरे यांच्या अंत्ययात्रेचा दिवस. पालघरच्या एका तरुणीने बंदबद्दल फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, मैत्रिणीने त्या ‘लाइक’ केल्या. दोघी नुकत्याच विशीत आलेल्या. जमाव जमला, तिच्या काकांचं हॉस्पिटल फोडलं गेलं. पोस्ट काढली, माफी मागितली, तरी दुसऱ्या दिवशी दोघींना अटक झाली आणि जामिनासाठी न्यायालयात उभं राहावं लागलं. त्यानंतर काही दिवसांतच पालघरच्याच एका एकोणीस वर्षांच्या मुलाला दुसऱ्या नेत्याबद्दलच्या मजकुरावरून उचललं आणि चौकशी करून सोडून दिलं.

पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. तत्कालीन ठाणे ग्रामीणचे पोलीस अधीक्षक आणि पालघरचे वरिष्ठ निरीक्षक निलंबित झाले, खटला मागे पडला, आणि याच अटकांनी अस्वस्थ होऊन श्रेया सिंघल या तरुणीने केलेल्या याचिकेवर २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ रद्द केलं. आपल्यापुरता बोध एवढाच, की माफीने जमाव कदाचित शांत होतो, पण गुन्हा नोंदवायचा की नाही हे माफीवर ठरत नाही. उलट, घाईत लिहून दिलेलं माफीपत्र म्हणजे ‘मीच केलं’ असा कागद होऊन बसतो. शेजाऱ्याची काच फुटली तर माफी जरूर मागावी, ती शेजाऱ्याकडे, घरच्यांसमोर. ठाण्यात लेखी मागू नये.

‘खरं सांगून मोकळा हो’

कानाला हा सगळ्यांत सात्त्विक सल्ला आहे. पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, हा नियम १८७२च्या पुरावा कायद्यात इंग्रजांनी घातला तो आपल्या पोलिसांवर त्यांचाच विश्वास नव्हता म्हणून. तो आजही नव्या साक्ष अधिनियमात टिकून आहे. पण त्याला एक जुनी खिडकी आहे: कबुलीतून एखादी वस्तू सापडली, तर त्या सापडण्यापुरतं विधान पुराव्यात येतं. ‘चल, कुठे टाकलास ते दाखव’ या वाक्याला म्हणूनच वजन आहे.

‘मोकळा हो’ हे तर खरंच नसतं. दमलेलं, घाबरलेलं मूल मोकळं होण्यासाठी न केलेलंही कबूल करतं. लंडनमध्ये १९७२ साली एका खुनात १८, १५ आणि १४ वर्षांच्या तीन मुलांनी कबुली दिली, तीन वर्षांनी त्यांच्या शिक्षा रद्द झाल्या, आणि त्या प्रकरणातून १९८४चा पोलीस कायदा आला. तेव्हापासून तिथे अल्पवयीनाच्या चौकशीत ‘योग्य प्रौढ’ माणूस शेजारी असावाच लागतो. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्क प्रकरणातल्या किशोरांच्या कबुल्या १९८९च्या. निर्दोषत्वावर शिक्कामोर्तब झालं ते २००२ साली. मुलांना खोटं सांगून कबुली काढायला पोलिसांना मनाई करणारं पहिलं अमेरिकी राज्य इलिनॉय. तेही २०२१ साली.

आपल्याकडे हे जबाबाच्या कागदावर घडतं. जबाब सुरू होतो तो असा: ‘मी अमुक, वय १७ वर्षे, धंदा शिक्षण, राहणार दातिवरे, समक्ष हजर राहून विचारल्यावरून जबाब देतो की...’ आणि संपतो तो असा: ‘माझा वरील जबाब मी वाचून पाहिला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.’ पहिलं आणि शेवटचं वाक्य ठरलेलं. मधला मजकूर मांगेली किंवा वारली बोलणाऱ्या पोराने सांगितलेला असतो आणि लिहिणाऱ्या हवालदाराने ठाण्याच्या मराठीत बसवलेला असतो. पोरगा म्हणतो, ‘मी तटं उभा व्हतो.’ कागदावर येतं, ‘मी सदर ठिकाणी त्यांच्यासोबत हजर होतो.’ ‘तिथे’ असण्याचं ‘त्यांच्यासोबत’ असणं होतं आणि त्या एका शब्दावर पुढे वर्षानुवर्षं वाद चालतो. कायदा म्हणतो, तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर सांगणाऱ्याची सही घ्यायचीच नाही. तरी ‘खाली सही कर’ असं सर्रास म्हटलं जातं. फिर्याद आणि पंचनामा यांवर सही लागते, हे खरं. म्हणून सही करण्याआधी कागद कशाचा आहे हे विचारायचं, आणि कोऱ्या कागदावर तर सहीचा प्रश्नच नाही. गावातल्या अठरा-एकोणिसाच्या मुलांना पंच म्हणून उभं केलं जातं, तेव्हाही हेच लागू आहे: जे डोळ्यांनी पाहिलं त्याच्याच खाली नाव.

‘तोंड उघडू नको’

आजोबांच्या या सल्ल्यामागे राज्यघटना आहे. कलम २०(३) म्हणतं, आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येणार नाही. १९७८च्या नंदिनी सत्पथी निकालात सर्वोच्च न्यायालयाने ही ढाल पोलीस ठाण्यापर्यंत आणून ठेवली. साक्षीदारालाही, ज्या उत्तराने तो स्वतः गुन्ह्यात अडकेल ते उत्तर न देण्याची मुभा संहितेत आहे. बाकीच्या प्रश्नांना मात्र खरं उत्तर देणं बंधनकारक आहे.

मौन आणि खोटेपणा यांतली रेघ घरात कुणी समजावत नाही. नाव आणि पत्ता लपवला किंवा खोटा सांगितला, तर एरवी अटक न होणाऱ्या किरकोळ बाबीतही अटक होऊ शकते. मित्राला वाचवायला रचलेली गोष्ट मित्राआधी सांगणाऱ्यालाच गोत्यात आणते. पळून जाणं आणि अंगावर जाणं यांनी तर जिंकलेली बाजू हरते. म्हणजे आजोबांचा सल्ला अर्धा बरोबर: नाव, वय, पत्ता, शाळा खरी सांगावी, प्रसंगाबद्दल मात्र घरचं माणूस आल्यावरच बोलावं.

‘ओळख काढू’

ओळखीचं खरं रूप मे २०२४च्या पुण्यातल्या कल्याणीनगरच्या पोर्शे अपघातात उभ्या महाराष्ट्राने पाहिलं. दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेणाऱ्या त्या अपघातातल्या सतरा वर्षांच्या मुलाला बाल न्याय मंडळाने त्याच दिवशी जामीन दिला, तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीसकट. लोक खवळले. वरिष्ठांना वेळेत न कळवल्याबद्दल येरवड्याचे दोन पोलीस अधिकारी निलंबित झाले. रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून आई-वडील आणि ससूनचे डॉक्टर गजाआड गेले. ओळख आणि पैसा यांनी मुलाला वाचवलं नाही, घरच्यांनाच आत नेलं. जनक्षोभानंतर निरीक्षणगृहात पाठवलेल्या त्या मुलाला उच्च न्यायालयाने २५ जून रोजी बाहेर काढलं ते आत्याने केलेल्या याचिकेवर, आणि कारण एवढंच की बाल न्याय कायदा तसं सांगतो.

हाच कायदा पालघर जिल्ह्यातही आहे. १६ एप्रिल २०२०च्या रात्री डहाणू तालुक्यातल्या गडचिंचले इथे दोन साधू आणि त्यांच्या चालकाची जमावाने हत्या केली. पहिल्या फेरीत पकडलेल्या ११० जणांत नऊ जण अल्पवयीन होते. गुन्हा भीषण होता आणि अफवेच्या रात्री जमावात उभं राहण्याची किंमत काय असते, हे मुलांना सांगायलाच हवं. पण कायद्याच्या लेखी कल्याणीनगरचा एक आणि गडचिंचल्याचे नऊ यांच्यात तसूभर फरक नाही. फरक पडतो तो मुलाच्या शेजारी कायदा माहीत असलेलं माणूस बसलं आहे की नाही याने. ओळख काढायचीच असेल तर त्या माणसाची काढावी.

‘वकील आल्याशिवाय एक शब्द नाही’

अमेरिकी मालिका पाहून आलेला हा सल्ला. तिथे १९६६च्या मिरांडा निकालापासून पोलिसांना हक्क वाचून दाखवावे लागतात. आपल्याकडे तसं वाक्य पोलीस म्हणत नाहीत; पण अटकेची कारणं सांगणं, नातेवाइकांना कळवणं, अटकेचा पंचनामा करणं, वैद्यकीय तपासणी करणं हे १९९६च्या डी. के. बसू निकालापासून बंधनकारक झालं आणि आता संहितेतच आहे. चौकशीदरम्यान आपल्या वकिलाला भेटता येतं, मात्र तो पूर्णवेळ शेजारी बसेलच असं नाही.

अडचण आहे ती रात्री नऊ वाजता दातिवऱ्यात वकील कुठून आणायचा ही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ प्रमाणे मुलं, स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींतले लोक यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. दूरध्वनी १५१००. मुलांसाठी १०९८. हे दोन आकडे पोराच्या वहीच्या शेवटच्या पानावर असले, तर मुंबईच्या नातेवाइकाचा सल्ला निदान अमलात येण्याजोगा होतो.

मुलीला विचारताना

घरचं माणूस सोबत असावं, हा नियम मुलींच्या बाबतीत किती कठोर पाळायला हवा, ते महाराष्ट्रानेच देशाला शिकवलं. मार्च १९७२मध्ये देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीला जबाबासाठी नेलं. भाऊ आणि नातेवाईक बरोबर होते. रात्री जबाब संपल्यावर त्यांना बाहेर पाठवलं आणि तिला मागे थांबवलं. पोलिसांवर ठाण्यातच बलात्काराचा आरोप झालेलं मथुरा प्रकरण ते हेच. सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना निर्दोष सोडल्यावर १९७९ साली उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, लोतिका सरकार आणि रघुनाथ केळकर या चौघांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं आणि १९८३ साली कायदा बदलला. त्याच वर्षी पत्रकार शीला बर्से यांच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिले, की स्त्रियांची चौकशी महिला पोलिसांच्या उपस्थितीतच व्हावी आणि अटकेची खबर विधी साहाय्य समितीला जावी. आज बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्याप्रमाणे पीडित मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा तिच्या पसंतीच्या जागी, शक्यतो उपनिरीक्षक दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. बालकाला रात्री ठाण्यात थांबवता येत नाही.

पण एक गाठ इथे सुटत नाही. पळून गेलेल्या जोडप्यातल्या सोळा वर्षांच्या मुलीला बापासमोर विचारलं, तर ती बापाला हवं तेच बोलते. तिचं वय अठराखाली म्हणून मुलावर पोक्सो लागतो आणि तिच्या एका वाक्यावर त्याची वर्षं जातात. कायद्याने यावर विचार केला आहे: पालक किंवा ‘जिच्यावर मुलाचा विश्वास आहे अशी व्यक्ती’ सोबत असावी. ती आत्या असेल, शाळेतल्या बाई असतील, अंगणवाडीच्या ताई असतील. मुलीला हे आधी सांगून ठेवायला हवं की सोबतीला कोण हवं हे ती स्वतः सांगू शकते.

फोन

आज चौकशीचा अर्धा भाग फोनमध्ये असतो आणि कायदा सर्वांत धूसर इथेच आहे. बोटांचे ठसे देणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली मुंबई राज्याच्या एका खटल्यात म्हटलं होतं. पासवर्डही त्याच पंक्तीत बसतो असं कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ साली म्हटलं. दिल्लीच्या सीबीआय न्यायालयाने २०२२ साली उलटं मत दिलं. हा वाद मुलाने ठाण्यात सोडवू नये. आपण होऊन फोन उघडून देऊ नये, हिसकाहिसकीही करू नये. जप्त केला तर पंचनाम्याची प्रत मागावी. नव्या संहितेत जप्तीचं चित्रीकरण बंधनकारक आहे. आणि निरोप आल्यावर घाबरून चॅट पुसू नयेत, कारण पुरावा नष्ट करणं हा निराळा गुन्हा आहे. दुसऱ्याने टाकलेल्या मजकुराबद्दल नुसत्या ग्रुप ॲडमिनला दोषी धरता येत नाही, असं नागपूर खंडपीठाने २०२१ साली स्पष्ट केलं आहे. ग्रुपच्या नावाने घाबरणाऱ्या पोरांना एवढं तरी सांगावं.

मग मुलाला सांगायचं काय?

या सगळ्यातून मुलाच्या हाती द्यायचं वाक्य एकच उरतं: ‘साहेब, माझं नाव अमुक, वय सतरा, राहणार दातिवरे. माझ्या वडिलांना बोलवा, ते आले की सांगतो.’ वडिलांच्या जागी आई, आत्या, बाई, कोणीही. हे वाक्य आदबीने म्हणता येतं, त्यात खोटं काही नाही, त्यात मौनही आहे आणि कायदाही. याहून मोठी कलमांची यादी पंधरा वर्षांच्या पोराला पाठ करायला लावणं म्हणजे आपली जबाबदारी त्याच्यावर ढकलणं होय. ‘मला कायदा माहीत आहे’ हे वाक्य पोराच्या तोंडून ठाण्यात गेलं, तर काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

गृहपाठ मोठ्यांचा आहे. पोलीस पाटील हा १९६७च्या ग्राम पोलीस अधिनियमाने गावाला दिलेला दुवा आहे. त्याने तोंडी निरोप आणताना ‘लेखी काय आहे, कुठल्या नात्याने बोलावलंय’ हे दोन प्रश्न विचारून यावेत. रेल्वेने जाणाऱ्या मुलांच्या पालकांना लोहमार्ग पोलीस आणि रेल्वे सुरक्षा बल यांतला फरक माहीत हवा, नाहीतर पोरगा एका ठिकाणी आणि बाप दुसऱ्या ठिकाणी, असं होतं. परवाना नसलेल्या अल्पवयीन पोराच्या हाती गाडी देणाऱ्या पालकाला २०१९च्या दुरुस्तीनंतर २५ हजारांचा दंड आणि तीन वर्षांपर्यंतची कैद होऊ शकते. तिथे आधी बापानेच आरोपी म्हणून काय बोलायचं ते शिकावं. शाळांमधून पोलीस काका आणि पोलीस दीदी येतात, छेडछाड आणि सायबर फसवणुकीबद्दल सांगतात, ते चांगलंच. पण ठाण्यात बोलावलं तर तुझे हक्क काय, हेही त्यांनीच सांगितलं, तर मुलाचा पोलिसांवरचा विश्वास वाढेल, कमी होणार नाही.

गावोगावी ग्राम बाल संरक्षण समिती कागदावर आहे. सरपंच, पोलीस पाटील, अंगणवाडी सेविका, शाळा सगळे तिच्यात आहेत. वर्षातल्या एका बैठकीत तिने दोनच कामं उरकावीत: गावातल्या प्रत्येक मुलाचा जन्मदाखला निघाला आहे का ते पाहावं, आणि ‘साहेबांनी बोलावलंय’ असा निरोप आला की घरच्यांबरोबर ठाण्यात कोण जाणार, त्या दोन माणसांची नावं फोन नंबरासह फळ्यावर लिहावीत. एक नाव बाईचं असावं. त्याखाली आपल्या ठाण्याच्या बालकल्याण पोलीस अधिकाऱ्याचं नाव लिहावं. ते नाव ठाण्यात विचारूनही मिळालं नाही, तर पहिली तक्रार त्याचीच करावी.